एक्सटर्म: चालू सत्रात एफ-कळांचा तक्ता बदलायचा असेल तर

तुमची अडचण मला समजली ती अशी: एक्सटर्म या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये एफ५, एफ६, एफ७ वर तुम्ही जीडीबी या डीबगरचे (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या साधनाचे) 'नेक्स्ट', 'स्टेप', 'कंटिन्यू' हे आदेश बसवलेत. डीबगिंगला ते सोयीचं आहे, पण त्याच खिडकीत व्हीआय हा एडिटर उघडला की त्याच कळा फाइलची वाट लावतात. खिडकी बंद न करता, हवा तेव्हा हा तक्ता, म्हणजे कोणत्या कळेने काय व्हायचं त्याची यादी, चढवता आणि उतरवता यायला हवा.

येतो. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. एक्सटर्ममध्ये 'कीमॅप' नावाची क्रिया आहे. तिला नाव द्यायचं, समजा 'जीडीबी'. मग ती रिसोर्स फाइलमध्ये (एक्सटर्मच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) त्या नावाला 'कीमॅप' जोडून झालेला तक्ता शोधते आणि तो चालू तक्त्यावर चढवते. या जोडनावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो, 'कीमॅप'मधला 'के' मोठाच हवा. नावाच्या जागी 'नन' दिलं की मूळ तक्ता परत येतो. प्रत्येक कळेचा मजकूर 'स्ट्रिंग' या क्रियेने पाठवायचा. एंटरसाठी तिलाच शून्य-एक्स-शून्य-डी हा त्याचा कोड द्यायचा. एक्सटर्मच्या मॅन पानावर (सोबतच्या माहितीपानावर) डीबीएक्स या डीबगरसाठीचा तयार नमुना आहे, तो उतरवून घेऊन बदलत जा. त्या नमुन्यात एफ१३ ते एफ२० यांमधल्या कळा वापरल्या आहेत. त्या आपल्या नेहमीच्या पीसी कीबोर्डवर नसतात, म्हणून नमुना जसाच्या तसा टाकला तर काहीच घडत नाही.

आता मला खरं कळकळीने सांगायचंय ते. एकाच कळेने चालू-बंद करू नका. चढवायला एक कळ, उतरवायला दुसरी, आणि दोन्ही मूळ तक्त्यातच लिहा. मी शिफ्ट-एफ१२ ने चढवतो, शिफ्ट-एफ११ ने उतरवतो. आत्ता कोणता तक्ता आहे हे आठवत नसलं तरी शिफ्ट-एफ११ दाबलं की हमखास मूळ तक्ता. एकाच कळेवर दोन्ही कामं असली की आधी स्थिती ओळखावी लागते, आणि घाईत नेमकी तीच चुकते. कंट्रोलसोबतच्या एफ-कळा मात्र टाळा. केडीई, एक्सएफसीई या डेस्कटॉपांमध्ये त्यातल्या काही डेस्कटॉप बदलायला ठेवलेल्या असतात, त्या एक्सटर्मपर्यंत पोचतच नाहीत.

चुकीच्या तक्त्याचा फटका किती बसतो बघा. 'स्ट्रिंग' समोर कोणता प्रोग्रॅम आहे ते पाहत नाही, तुम्ही टाइप केल्यासारखी अक्षरं ढकलते. व्हीआयच्या कमांड मोडमध्ये 'नेक्स्ट' गेलं तर 'एन'ने पुढच्या शोधावर उडी, 'ई'ने शब्दाच्या टोकाला, आणि 'एक्स'ने तिथलं अक्षर गायब. 'स्टेप' गेलं तर 'एस' एक अक्षर पुसून इन्सर्ट मोडमध्ये शिरतो आणि बाकीची तीन अक्षरं तुमच्या कोडमध्ये जाऊन बसतात. म्हणून तक्ता चढलाय हे डोळ्यांना दिसलंच पाहिजे. त्याच ओळीत 'कीमॅप'च्या आधी रिव्हर्स व्हिडिओ (उलटे रंग) 'ऑन' करणारी क्रिया लिहा, उतरवण्याच्या ओळीत 'ऑफ'. खिडकीचे रंगच उलटे झाले की लक्षात न येण्याचा प्रश्नच उरत नाही. इथेही 'टॉगल', म्हणजे एकानेच चालू-बंद, नको. आणि जे आदेश काही पुसतात किंवा थांबवतात त्यांच्या शेवटी एंटर लावू नका, तो बोटाने दाबा.

दोनपेक्षा जास्त तक्ते करणार असाल तर एक लक्षात ठेवा: नवा तक्ता जुन्याला पुसत नाही, त्याच्यावर पसरतो. ज्या कळा नव्यात नाहीत त्या आधीसारख्याच वागतात. जीडीबीच्या तक्त्यातून थेट दुसऱ्यात गेलात तर जीडीबीच्या उरलेल्या कळा तशाच जिवंत राहतात. आधी मूळ तक्त्यावर या, मग पुढचा चढवा.

फाइल लिहिताना ओळींचा क्रम महत्त्वाचा. शिफ्ट-एफ५ आणि नुसती एफ५ दोन्ही वापरणार असाल तर शिफ्टवाली ओळ वर हवी, नाहीतर नुसत्या एफ५ ची ओळच दोन्ही खाऊन टाकते. ओळ पुढे चालू ठेवणाऱ्या शेवटच्या बॅकस्लॅशनंतर एक स्पेस राहिली तरी पुढची ओळ तुटते. बदल एक्सआरडीबी या रिसोर्स चढवणाऱ्या आदेशाने मर्ज केल्यावर उघड्या खिडक्यांवर परिणाम होत नाही, नवी उघडावी लागते. ती दुसऱ्या टर्मिनलमधून आदेश देऊन उघडा, म्हणजे तक्त्यातल्या व्याकरणाच्या चुका तिथे छापून येतात. यूएक्सटर्म (एक्सटर्मचं युनिकोड रूप) वापरत असाल तर त्याचा रिसोर्स क्लास, म्हणजे फाइलमधल्या ओळी ज्या नावाने शोधल्या जातात ते नाव, वेगळा असतो, एक्सटर्मच्या नावाने लिहिलेल्या ओळी त्याला लागू होत नाहीत.

फक्त जीडीबीपुरतंच काम असेल तर मात्र माझं मत वेगळं आहे. जीडीबी टाइप केलेली ओळ वाचायला रीडलाइन ही लायब्ररी वापरतो, आणि रीडलाइनच्या इनपुटआरसी फाइलमध्ये 'प्रोग्रॅम जीडीबी असेल तरच' अशी अट घालून कळांवर मॅक्रो बसवता येतात. मग तक्ता बदलायचाच नाही: जीडीबीत कळा चालतील, व्हीआयला त्यांचा पत्ताही नसेल. तुमच्या स्वतःच्या मशीनवर हेच करा. एक्सटर्मचा मार्ग उपयोगी पडतो तो एसएसएचवरून (नेटवर्कवरून लॉगिन करून) दुसऱ्याच्या सर्व्हरवर काम करताना, जिथल्या फाइलना हात लावायची परवानगी नसते. कळांचं भाषांतर तुमच्याच मशीनवर होतं, पलीकडे फक्त अक्षरं पोचतात, त्यामुळे तिथे काहीच बदलावं लागत नाही. रीडलाइन न वापरणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमसाठीही हाच मार्ग.

पुटी या दुसऱ्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हे शोधत बसू नका. तिथे चालू सत्रात एफ-कळांचा प्रकार सेटिंगमधून बदलता येतो, पण कळेवर आपला मजकूर बसवायची सोय नाही.