वाचकांचे प्रश्न : 'हार्ट ऑफ ग्लास'चा ठेका

प्रश्न : ब्लाँडी या अमेरिकन बँडचं 'हार्ट ऑफ ग्लास' हे गाणं घरी संगणकावर बसवतोय. ड्रम मशीन आणि खरे ड्रम एकत्र लावले की ठोका दुहेरी ऐकू येतो. मूळ गाण्यात तसं का होत नाही? (नाशिक)

उत्तर : कारण तिथे आधी मशीन होतं, माणूस नंतर आला. 1978 मध्ये निर्माता माइक चॅपमनने रोलंड सीआर-78 या ड्रम मशीनचा ठेका आधी टेपवर घेतला आणि बँडचा ड्रमर क्लेम बर्कने तो ऐकत ड्रम वाजवले. मशीनवर मॅम्बो आणि बेगिन हे दोन तयार ठेके एकदम दाबलेले आहेत, त्यातूनच ती टिकटिक येते.

तुम्ही लय मिनिटाला 115 च्या आसपास ठेवा. मशीनच्या आवाजातला 200 हर्ट्झखालचा भाग कापा, म्हणजे खालचा धमाका फक्त खऱ्या किकचा, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा राहील. मग दोन्हींच्या ध्वनिलहरींचं चित्र पडद्यावर मोठं करून ठोक्यांची सुरुवात जुळवा. 20 ते 30 मिलिसेकंदांचा फरक राहिला तरी कानाला दोन ठोके लागतात, तुमची अडचण बहुधा तीच आहे. किक काटेकोर ठेवा, हाय-हॅटला (झांजांच्या जोडीला) मात्र थोडी सैल सोडा. सगळंच चौकटीत बसवलं तर बर्कचा हात हरवतो, आणि गाण्याचा जीव तिथेच आहे.

मधल्या वाद्यांच्या तुकड्यात जपा. तिथे चाराचा हिशेब मोडतो, मात्रा गळते. लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) आंधळेपणाने पुढे चिकटवलात तर त्यानंतरचं सगळं घसरतं. तेवढा भाग हाताने मोजून लावा.

प्रश्न : हे गाणं असलेल्या 'पॅरलल लाइन्स' या अल्बमची जुनी तबकडी मिळतेय. त्यात हे गाणं मोठं आहे की छोटं? (पणजी)

उत्तर : लेबलवरची वेळ बघा. मूळ 3:54 चं आहे. हे गाणं सुटं (सिंगल म्हणून) गाजल्यानंतरच्या काही आवृत्त्यांत त्याजागी 5:50 ची डिस्को आवृत्ती घातली गेली. मुखपृष्ठावरून काही कळत नाही. नाचायला लांबचं बरं. अल्बम जसा निघाला तसा ऐकायचा असेल तर छोटं घ्या.

प्रश्न : रॉकवाल्यांना हे गाणं का खटकलं? (पुणे)

उत्तर : ब्लाँडी न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबातून, पंक या बंडखोर रॉकच्या गोतावळ्यातून आलेली, आणि डिस्को म्हणजे त्या गोतावळ्याचा शत्रुपक्ष. हीच चाल 1975 मध्ये 'वन्स आय हॅड अ लव्ह' नावाने संथ रूपात ध्वनिमुद्रित झाली होती. मशीनने तिला वेग दिला. 1979 च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये चार आठवडे आणि 28 एप्रिलच्या अमेरिकी लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते पहिलं होतं. ज्याला गद्दारी म्हटलं गेलं, त्यानेच न्यू वेव्हला (पंकनंतरच्या नव्या रॉक-पॉप प्रवाहाला) नाचघराचं दार उघडून दिलं, असं आमचं ठाम मत आहे. रॅपर मिसी एलियटच्या 2002 च्या 'वर्क इट'मध्येही याच्या सुरुवातीच्या ठेक्याचा तुकडा आहे. हेडफोन लावून दोन्ही लागोपाठ ऐका, ओळख लगेच पटते.