छतातले आठ स्पीकर आणि बत्तीस वर्षांच्या मुलीचं शिक्षण

मनीषनगरातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४४, खासगी नोकरी, पगार हातात १ लाख ५ हजार. पत्नी घर सांभाळते, मुलगी दहावीला. तीन वर्षांपूर्वी बुक केलेल्या फ्लॅटचा ताबा आता मिळाला. गृहकर्ज ४१ लाख बाकी, १६ वर्षं उरली, हप्ता ४० हजार. बँकेत शिल्लक १ लाख ४० हजार. सोमवारी पीओपीवाला येणार आहे आणि हॉल व दोन बेडरूमच्या छतात बसवायचे आठ स्पीकर, ॲम्प्लिफायर, सबवूफर मिळून ४ लाख २५ हजारांचं कोटेशन हातात आहे. 'सीलिंग बंद झालं की मग काही होत नाही, आत्ताच ठरवा,' असं ठेकेदार म्हणतो. पैसे टॉप-अप कर्जातून, म्हणजे चालू गृहकर्जावरच वाढवून मिळणाऱ्या कर्जातून, उभे करायचे आहेत. प्रश्न एवढाच, की आठ घ्यावेत की सहा?

पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे: 'मुलीच्या शिक्षणाची काळजी नाही. कर्ज मंजूर करताना बँकेतल्या साहेबांनी पॉलिसी घ्यावीच लागते म्हणून चाइल्ड प्लॅन दिला. वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २४ लाख हमखास. तीन हप्ते झाले, चौथा पुढच्या महिन्यात. विमा १२ लाखांचा आहेच. मधे चौकशी केली तर आत्ता मोडल्यास १ लाख ६० हजार मिळतील म्हणाले, म्हणून मोडली नाही.'

भाऊ, स्पीकरचं सांगतो, पण आधी ही पॉलिसी.

तुमची मुलगी आज पंधरा वर्षांची. पॉलिसीचे पैसे हातात येतील ते अजून सतरा वर्षांनी, म्हणजे ती बत्तिशीला पोचेल तेव्हा. कॉलेजची फी दोन-अडीच वर्षांत सुरू होते आणि पुढची चार-पाच वर्षं चालते. त्या सगळ्या काळात ही पॉलिसी तुम्हाला एक रुपयाही देत नाही, उलट दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास मागते. हिला शिक्षणाची योजना म्हणून विकणाऱ्याने मुलीचं वय तरी विचारलं होतं का? आणि गृहकर्जासाठी पॉलिसी 'घ्यावीच लागते' हे धडधडीत खोटं आहे. कायद्याने असं कुठलंही बंधन नाही.

आता हमखास २४ लाखांचं बघू. दहा वर्षांत भरणार १२ लाख. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा, सरासरी साडेपंधरा. साडेपंधरा वर्षांत पैसे दुप्पट. दुप्पट व्हायला किती टक्के लागतात ते काढायचा ढोबळ नियम म्हणजे ७२ ला वर्षांनी भागायचं. ७२ ला साडेपंधराने भागा, परतावा येतो साडेचार टक्क्यांच्या जरा वर. साधं पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के देतंय. आणि तुम्ही टॉप-अप घेणार नऊ टक्क्यांच्या आसपास. एका हाताने साडेचार टक्क्यांवर पैसे ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने नऊ टक्क्यांनी उचलायचे. सव्वाचार लाखांचा हप्ता महिना ४,२०० म्हणजे हलका वाटतो, पण १६ वर्षांत तो आठ लाखांवर जातो. त्याच्या किती तरी आधी ॲम्प्लिफायर बदलायला आलेला असेल.

तरीही पॉलिसी मोडू नका. पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून भरलेल्या तीन हप्त्यांपुरती ती चालू ठेवा. दहापैकी तीन हप्ते, म्हणून २४ चे ढोबळमानाने ७ लाख २० हजार सतरा वर्षांनी मिळतील. आज मोडून येणाऱ्या १ लाख ६० हजारांचे तेवढे व्हायचे तर दरसाल नऊ टक्क्यांहून थोडा जास्त परतावा लागेल, तोही सतरा वर्षं न चुकता. तेवढ्या खात्रीने तो कुठे मिळत नाही. पेड-अपचा नेमका आकडा मात्र कंपनीकडून लेखी घ्या, फोनवर नाही.

पण खरी भीती मला परताव्याची नाही. घरात कमावणारे तुम्ही एकटे, डोक्यावर कर्ज ४१ लाख, आणि विमा १२ लाखांचा. उद्या तुम्हाला काही झालं तर त्या १२ लाखांतून कर्जाचे अडीच वर्षांचे हप्ते निघतील, नंतर घर जाईल. वहिनींसमोर हा हिशेब एकदा मोठ्याने वाचा. कर्ज ४१, मुलीचं शिक्षण २०, घरखर्च वर्षाला ५ लाखांप्रमाणे पंधरा वर्षांचे ७५. झाले १ कोटी ३६ लाख. म्हणून निव्वळ टर्म पॉलिसी घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारी, साठीपर्यंतची, दीड कोटीची. निर्व्यसनी असाल तर वर्षाला ३५-४० हजारांत बसावी. बीपीची गोळी चालू असेल तर अर्जात लिहा, लपवलेल्या आजारावरून दावे अडतात. पॉलिसी विवाहित स्त्री संपत्ती कायदा, १८७४ खाली घ्या, म्हणजे ती रक्कम पत्नी-मुलीचीच राहते, कर्ज देणाऱ्यांना तिला हात लावता येत नाही.

आरोग्यविमा कंपनीचाच असणार, पत्रात वेगळा उल्लेख नाही. नोकरी गेली की तोही जातो. तिघांचा १० लाखांचा घ्या, साधारण २५ हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला आहे, तेवढी बचत आहेच. दोन्ही मिळून ६५ हजार, आणि पॉलिसीचे वाचले १ लाख २०. उरलेले ५५ हजार मुलीच्या नावाने आवर्ती ठेवीत टाका. तिला लवकर लागणारे पैसे आहेत, शेअर बाजाराच्या आशेवर ठेवू नका.

आता स्पीकर. आठही नकोत, सहाही नकोत.

सिनेमा बघताना संवाद पडद्यातून यायला हवेत. समोरचे तीन स्पीकर छतात बसवले तर माणूस समोर बोलतो आणि आवाज डोक्यावरून येतो. ते स्पीकर आपण सोफ्यावर बसल्यावर कानाच्या उंचीवर येतील असेच ठेवायचे. छतातल्या स्पीकरचं काम दोनच ठिकाणी: घरभर हळू गाणी लावायला, किंवा ॲटमॉसमध्ये (सिनेमातला आवाज डोक्यावरूनही देणारी डॉल्बीची पद्धत) वरून येणाऱ्या आवाजासाठी, आणि त्याला बसायच्या जागेच्या जरा पुढे दोन पुरतात. बेडरूममधल्या चारांची गरज मला दिसत नाही. कोटेशनमधल्या वॉटच्या आकड्याला भुलू नका, सेन्सिटिव्हिटी विचारा, म्हणजे तेवढ्याच ताकदीवर स्पीकर किती मोठा आवाज देतो ते. ८७ डेसिबलच्या स्पीकरला ९० च्या इतकाच आवाज काढायला दुप्पट ताकदीचा ॲम्प्लिफायर लागतो. ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग, बसायच्या जागेकडे वळवता येतो का ते बघा. मागून उघडा स्पीकर असेल तर सीलिंगची पोकळीच त्याचा डबा होते, आवाज शेजारच्या खोलीत जातो आणि जिप्सम बोर्ड थरथरतं. म्हणून मागे बंद डबा असलेला घ्या. दुकानात त्यांची डेमो क्लिप ऐकू नका, तुमच्या रोजच्या ऐकण्यातलं, गायकाचा आवाज पुढे असलेलं गाणं न्या, खुर्ची सोडून बाजूला उभं राहूनही ऐका. एप्रिल-मेमध्ये हॉलमध्ये कूलर चालत असेल तर त्या घरघरीत चाळीस हजारांच्या आणि दीड लाखाच्या स्पीकरमधला फरक कानाला कळणारही नाही.

'आत्ता नाही तर कधीच नाही' हे फक्त वायरच्या बाबतीत खरं आहे. जिप्सम बोर्ड नंतर कापता येतं, भोक आखायचा टेम्पलेट स्पीकरच्या खोक्यातच असतो. सोमवारी हॉलमध्ये दोन जागी १४ गेजची तांब्याची वायर पाइपातून टाकून घ्या, विजेच्या वायरपासून लांब, टोकाला दोन-तीन फूट गुंडाळी सोडून. त्या जागी फ्रेमची पट्टी आडवी येऊ देऊ नका. बोर्ड लागण्याआधी मोजपट्टी धरून फोटो काढा. खर्च सात-आठ हजार, तो शिल्लकीतून करा. स्पीकर घ्यायचे ते बँकेत सहा महिन्यांचा खर्च साठल्यावर, रोखीने.

चाइल्ड प्लॅनचा चौथा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, वार्षिक हप्त्याला वर ३० दिवसांची मुदत मिळते. पेड-अप झाल्यावर तिच्यातला विमाही तीन लाख साठ हजारांवर येईल, म्हणून टर्म पॉलिसी हातात पडल्याशिवाय चाइल्ड प्लॅन थांबवू नका. वैद्यकीय तपासणीत दोन-तीन आठवडे सहज जातात. अर्ज या आठवड्यातच करा, पीओपीवाला यायच्या आधी.