वाचकांचे प्रश्न : शांतारामबापूंच्या हिंदी चित्रपटांचे मोल

प्रश्न : ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या काळात समाजाला खडे प्रश्न विचारणारे व्ही. शांताराम पुढे हिंदीत नाच, रंग आणि भपक्याकडे वळले, असे आमच्या चित्रपट मंडळातील अनेकांचे मत आहे. ते योग्य आहे का? मंडळात त्यांचा एक हिंदी चित्रपट दाखवायचा झाल्यास कोणता दाखवावा?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : हे मत अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे समजण्यासाठी आपल्या कोल्हापूरकडेच पाहावे लागते. 1901 साली येथेच जन्मलेले शांतारामबापू बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत घडले. पेंटर मुळात चित्रकार होते. चौकटीत माणूस कुठे उभा आहे आणि त्याच्यावर उजेड कोणत्या बाजूने पडतो, यातूनच अर्धी गोष्ट सांगून झाली पाहिजे, ही तिथली शिकवण होती. 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी केली तेव्हा हीच शिकवण त्यांच्यासोबत होती. 1933 मध्ये कंपनी पुण्याला गेली आणि 1942 मध्ये त्यांनी मुंबईत ‘राजकमल’ ही स्वतःची चित्रपटसंस्था स्थापन केली, तरीही ती सुटली नाही. म्हणून ‘झनक झनक पायल बाजे’ (1955) या चित्रपटातील रंगांना भपका म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तिथे नृत्य हाच कथेचा विषय आहे, आणि गोपीकृष्णांसारख्या निष्णात कथक नर्तकाला नायक करून दिग्दर्शकाने त्या विषयाचा मान राखला आहे.

‘दो आँखें बारह हाथ’ (1957) मात्र या सगळ्या वादाला पुरून उरतो. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर ग. दि. माडगूळकरांनी ही कथा बेतली. तो मुलूख आज सांगली जिल्ह्यात, म्हणजे आपल्या शेजारीच आहे. खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना घेऊन एक तुरुंगाधिकारी ओसाड जमीन पिकवतो, आणि तिथली भाजी स्वस्तात विकली जाऊ लागताच बाजारातले व्यापारी त्याच्यावर उलटतात. रंगीत चित्रपटाच्या घवघवीत यशानंतर दोनच वर्षांनी बापू जाणीवपूर्वक कृष्णधवलाकडे परतले, यावरून विषय ठरवील ते रूप स्वीकारण्याची त्यांची तयारी दिसते. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि 1958 च्या बर्लिन महोत्सवातही त्याचा गौरव झाला. बैलाशी झुंजीच्या प्रसंगात बापूंच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती.

‘नवरंग’नंतरच्या, विशेषतः साठच्या दशकातील आणि पुढच्या हिंदी चित्रपटांविषयी आपल्या मंडळाची तक्रार मला मान्य आहे. तिथे कथा पातळ होत गेली आणि सजावट तिच्यावर चढली. मात्र 1972 च्या मराठी ‘पिंजरा’त हाच दिग्दर्शक पुन्हा माणसाच्या पतनाकडे निर्भीडपणे पाहतो, हे विसरू नये.

मंडळासाठी माझी निवड ‘दुनिया न माने’ (1937) ही असेल. म्हाताऱ्या वराशी फसवून लावलेले लग्न मनाने नाकारणाऱ्या तरुणीची ती कथा आहे. त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. ऐकू येतात ते घरातले आवाज. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्या वृद्ध नवऱ्याचे सरत चाललेले आयुष्य मोजत राहते, आणि हळूहळू त्याचाही आपल्याला कळवळा येऊ लागतो. तरुण पत्नीची बाजू ठामपणे घेतानाही समोरच्याला खलनायक न करणे हे धैर्य आजच्या लेखकांनीही शिकावे असे आहे. ‘कुंकू’ ही याच चित्रपटाची मराठी आवृत्ती, आणि शांता आपटे व केशवराव दाते दोन्हींत आहेत. तेव्हा लागोपाठ दोन आठवडे दोन्ही आवृत्त्या दाखवाव्यात आणि तोच प्रसंग भाषा बदलल्यावर कसा उभा राहतो, यावर सभासदांना बोलू द्यावे.