प्रौढ महिलांच्या वर्गांसाठी सरकारी अनुदान हवंय, छोट्या संस्थेने सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की संस्था चार वर्षं जुनी आहे, बीड जिल्ह्यात दोन गावांत बायकांना लिहायवाचायला शिकवायचे वर्ग खिशातून चालवताय, आता अनुदानासाठी अर्ज करायचाय पण प्रस्ताव कसा लिहायचा कळत नाही, आणि एक जण "मी बनवतो, मंजूर पण करून आणतो, दहा टक्के द्या" म्हणतोय. मी शेजारच्याच जिल्ह्यात अशाच एका संस्थेची सचिव होते अकरा वर्षं, म्हणजे मीटिंगला चहा सांगण्यापासून ऑडिटच्या आक्षेपांना उत्तरं लिहिण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात, तर जे अंगावर आलं तेवढंच सांगते.

आधी त्या दहा टक्केवाल्याला नाही म्हणून टाका. नीतिमत्तेचं भाषण देत नाहीये, हिशोब सांगतेय. समजा चार लाख मंजूर झाले आणि चाळीस हजार त्याला दिले, तर ते चाळीस हजार तुम्ही खर्चाच्या कुठल्या हेडखाली दाखवणार? मग कुठल्यातरी स्टेशनरीवाल्याकडून वह्यापाटीचं खोटं बिल आणायचं, त्यावर "माल मिळाला" म्हणून सही करायची, आणि ती सही तुमची असते, त्याची नसते. तो तीन वर्षांनी फोन पण उचलत नाही. आणि ज्या कामाचे तो पैसे मागतो त्यातलं निम्मं फुकटच आहे, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीची वेबसाइट) नोंदणी तर घरबसल्या होते आणि एक रुपया लागत नाही, केंद्राच्या बहुतेक योजनांना तो दर्पणचा युनिक आयडी आधी मागतात.

आता प्रस्ताव. माझं सरळ मत आहे की प्रस्ताव पुढून लिहायचाच नाही, मागून लिहायचा. म्हणजे यूसीपासून. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, पैसे ज्या कामाला दिले त्याच कामाला लागले असं तुम्ही आणि तुमचा सीए लिहून देता तो कागद. केंद्राच्या पैशाला २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्समधला (केंद्र सरकारचे खर्चाचे नियम) नमुना १२-ए लागतो, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत तो गेला पाहिजे. तो कोरा फॉर्म डाउनलोड करा, सीएसमोर ठेवा आणि मग बजेटची एकेक ओळ घेऊन विचारा की ह्या खर्चाचा कागद माझ्याकडे काय असेल. शिक्षिकेचं मानधन असेल तर बँकेतून ट्रान्सफर आणि हजेरी. पाट्या, वह्या, खडू असतील तर दरपत्रक, बिल, स्टॉक रजिस्टरला नोंद. "जनजागृती कार्यक्रम ५०,०००" ही ओळ मात्र तुमच्या गळ्यात अडकणार, कारण मंडपवाला साध्या वहीच्या कागदावर बिल देतो आणि वडापाववाला तेही देत नाही. ज्या ओळीचा कागद डोळ्यासमोर येत नाही ती ओळ प्रस्तावातूनच काढा, भले रक्कम कमी झाली तरी चालेल. आम्ही पहिल्या वेळी गावोगावच्या प्रस्तावांत असतं तसं सगळं लिहिलं होतं, सक्षमीकरण, सर्वांगीण विकास, काय काय, आणि पुढचं दीड वर्ष त्या शब्दांची बिलं शोधत फिरलो.

कुठल्या योजनेत अर्ज करायचा ह्यावर बऱ्याच लोकांचा गैरसमज असतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. साक्षरतेची सध्याची मोठी योजना म्हणजे उल्लास, नवभारत साक्षरता कार्यक्रम, १५ वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी. २०२२ ते २०२७ ह्या काळासाठी १,०३७.९० कोटी, त्यातले ७०० कोटी केंद्राचे, आणि उद्दिष्ट ५ कोटी माणसं. भागाकार करून बघा, माणशी दोनशे सात-आठ रुपये येतात. तेवढ्यात मानधन बसत नाही आणि ते ठेवलेलंच नाहीये, ही योजना स्वयंसेवकांवर चालते आणि गावातली शाळा हेच तिचं केंद्र आहे. आधीच्या साक्षर भारतमध्ये (२००९ ते २०१८) गावातल्या लोकशिक्षण केंद्रावर प्रेरक, म्हणजे केंद्र सांभाळणारे, असायचे, त्यांना महिन्याला दोन हजार मिळायचे, ते आठवून लोक अजून "साक्षरतेचं अनुदान" मागायला जातात आणि हात हलवत परत येतात. पण म्हणून उल्लासला सोडू नका. तुमच्या शिक्षिकांची स्वयंसेवक म्हणून आणि बायकांची असाक्षर म्हणून उल्लास अ‍ॅपवर नोंदणी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून करून घ्या, त्यांना चाचणीला बसवा. १५० मार्कांची असते, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, पास होणाऱ्याला सरकारी प्रमाणपत्र मिळतं. पैसा एक नाही मिळणार, पण पुढच्या प्रत्येक अर्जात "आमच्या इतक्या महिला चाचणी पास" हे वाक्य तुमच्या फोटो अल्बमपेक्षा जास्त वजनदार ठरतं. जिल्ह्यात ह्यासाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (योजना) कार्यालयात जायचं, प्राथमिकच्या रांगेत उभं राहू नका, मी अख्खी एक दुपार घालवलीये तिथे.

पैसा आहे तो कौशल्याच्या बाजूला. जन शिक्षण संस्थान हे नाव ऐकलं असेल, १९६७ मध्ये मुंबईत वरळीला श्रमिक विद्यापीठ म्हणून हे सुरू झालं, २००० मध्ये नाव बदललं आणि २०१८ पासून ते शिक्षणाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेलं. १५ ते ४५ वयाचे निरक्षर, नवसाक्षर, शाळा सोडलेले, ह्यांच्यासाठी शिवणकाम, ब्युटी पार्लर वगैरे कोर्स. नवीन जन शिक्षण संस्थान मिळवणं छोट्या संस्थेच्या आवाक्यातलं नाही, पण त्यांचे कोर्स गावोगावच्या उपकेंद्रांत चालतात, तर जिल्ह्यातल्या संस्थानाला "आमच्याकडे जागा आहे, वीस बायका तयार आहेत" असं लेखी पत्र द्या. शिकवणाऱ्याचा खर्च त्यांचा, आणि शिवण शिकायला आलेल्या बाईला माप लिहायला अक्षर लागतंच, तुमचा वर्ग तिथेच लावून टाका.

आणि ग्रामपंचायतीला विसरू नका. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावेच लागतात. रक्कम छोटी असते, गावावर अवलंबून, पण ती मिळायला दिल्ली-मुंबई लागत नाही, महिला सभेत विषय घ्यायचा, ठराव करून घ्यायचा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (आधी ग्रामसेवक म्हणायचे) मागे लागायचं. आमच्या कामाला ते कसे आले ते सांगते. आमच्याकडे पहिले दोन महिने बायका यायच्या आणि "मला जमत नाही, डोकं नाही मला" म्हणून बंद व्हायच्या, आम्हाला वाटलं शिकवणं चुकतंय. मग एका आजीने शिक्षिकेचाच चष्मा गंमत म्हणून डोळ्यावर लावला आणि पाटीवरचा "घ" घडाघडा वाचला. चाळिशीचे चष्मे! कुठल्याच योजनेत चष्म्याचं हेड नाही, "शैक्षणिक साहित्य" मध्ये टाकायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी त्या १० टक्क्यांतून बावीस चष्मे आले आणि गळती थांबली. अनुदानाच्या नादात सहा महिने गेले होते आमचे त्याआधी.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांना कायद्याने समाजकामावर करावा लागणारा खर्च, त्याबद्दल पण थोडं, कारण तुम्ही साखर कारखान्याला विचारू का असं विचारलंय. कारखाना सहकारी असेल तर तो कंपनी नाही, त्याला सीएसआरचा कायदा लागतच नाही, दिलं तर मर्जीने देतील. खाजगी कारखाना असेल तर तो कंपनी असतो, पण नफा ५ कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नेटवर्थ (देणी वजा जाता मालमत्ता) ५०० कोटी, ह्यातलं एखादं तरी लागतं. आणि तुमच्याकडे १२ए, ८०जी (ह्या आयकर खात्याच्या नोंदण्या), तीन वर्षांचं काम आणि सीएसआर-१ ची, म्हणजे कंपनी मंत्रालयाकडची, नोंदणी पाहिजे, ही सीएसआर-१ २०२१ च्या एप्रिलपासून कंपल्सरी आहे.

आता कागद. संस्थेची घटना, तीन वर्षांचे ऑडिट, पॅन, हे तुमच्याकडे असेलच. सगळ्यांचं घोडं अडतं ते चेंज रिपोर्टवर. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, आपण देत नाही, किंवा देतो आणि मंजूर झाला का ते बघत नाही. मग परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद) अध्यक्ष म्हणून अजून जुनेच गुरुजी असतात आणि अर्जावर सही नवीन ताईंची. आमचा पहिला अर्ज दोन कारणांनी त्रुटी लागून परत आला होता. एक, अध्यक्षांचं नाव आधारवर सुनिता आणि पॅनवर सुनीता, इंग्रजीत एकात आय आणि दुसऱ्यात डबल ई. दुसरं माझ्या वेंधळेपणाचं, अर्ज करायला मंजुरी देणाऱ्या ठरावाची तारीख अर्जाच्या तारखेच्या चार दिवस नंतरची पडली होती. हसू नका, असं होतं.

अनुदानाला वेगळं बँक खातं उघडा आणि त्या खात्यातलं व्याज तुमचं नसतं हे भिंतीवर लिहून ठेवा. केंद्राच्या अनुदानावरचं व्याज परत भरावं लागतं. आम्हाला ४,३१२ रुपये व्याज मिळालं, आम्ही खुशीत त्याच्या वह्या आणल्या, आणि मग ते पैसे सात जणांनी वर्गणी काढून भरले.

वेळेचं गणित तर तुमच्या भागात सगळ्यात वाईट बसतं. सरकारी पैसा जानेवारी-फेब्रुवारीत सुटतो आणि ३१ मार्चच्या आत खर्चा म्हणतात. आणि तुमच्या बायका कुठे असतात तेव्हा? दिवाळीच्या मागेपुढे कोयता घेऊन गेलेल्या असतात कारखान्यावर, येणार मार्च-एप्रिलला. गावात उरतात म्हाताऱ्या आणि लेकरं. आम्ही एक वर्ष अक्षरशः रिकाम्या गावात वर्ग उघडून बसलो होतो. म्हणून प्रस्तावातच लिहा की वर्ग मे ते ऑक्टोबर चालतील आणि का, ऊसतोडीचं कारण स्पष्ट लिहा, लाजू नका. आणि दुसरा हप्ता पहिल्या हप्त्याचा यूसी गेल्याशिवाय येत नाही, तेव्हा निदान सहा महिन्यांचं मानधन स्वतःच्या जोरावर देता येईल एवढी सोय आधी करा, ती नसेल तर यंदा अर्ज करूच नका, पुढच्या वर्षी करा. शिक्षिकेचं मानधन पाच महिने थकवून आम्ही आमची सगळ्यात चांगली शिक्षिका गमावलीये.

हजेरीपटाचं शेवटी सांगते कारण त्याच्यावर आमचा ऑडिट आक्षेप आठ महिने लटकला होता. आक्षेप असा की लाभार्थींच्या सह्या जुळत नाहीत. जूनच्या पानावर अंगठे, ऑगस्टमध्ये कोणाचं नुसतंच "का", नोव्हेंबरला तीच बाई पूर्ण नाव आडनावासकट लिहितेय, रेघेच्या बाहेर जाऊन का होईना. तपासणाऱ्या साहेबांच्या मते हजेरी बनावट. मी जून आणि नोव्हेंबरच्या पानांचे झेरॉक्स जोडून उत्तर दिलं की सह्या बदलल्या कारण त्या लिहायला शिकल्या, मंजुरी आदेशातला प्रकल्पाचा उद्देश पाहावा. तरी दोन स्मरणपत्रं आली, मग कधीतरी तो आक्षेप वगळला.

त्यानंतर आम्ही नियम केला की नाव शिक्षिकेने लिहायचं, पहिल्या दिवशी सगळ्यांचा अंगठा घ्यायचा, सही येत असली तरी, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर माणूस तोच आहे हे दाखवता येईल. कागदावर एकदम पक्कं. दुसऱ्या वर्षी जुन्या बायका आल्या आणि शाईचा पॅड बघून एकीने हात मागेच घेतला, म्हणाली अंगठाच द्यायचा होता तर वर्षभर कशाला घासलं? बाकीच्या पण तिच्या मागे. आता त्या रकान्यात आम्ही पासपोर्ट फोटो चिकटवतो, माणशी दहा रुपये, बिलासकट.