पहिली अद्भुतरम्य कादंबरी प्रकाशित करताना

तुमच्या त्रिखंडात्मक अद्भुतरम्य कादंबरीचा पहिला भाग पूर्ण झाला, याचा मनापासून आनंद आहे. मात्र दुसऱ्या भागाचा कच्चा खर्डा हाती येईपर्यंत पहिला छापायला देऊ नका, कारण मालिका अर्धवट राहील या शंकेने वाचक पहिले पुस्तकही घेत नाही, शिवाय नंतर सुचलेला मंत्रविद्येचा एखादा नियम छापलेल्या पानांत मागे जाऊन पेरता येत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. ई-पुस्तक ॲमेझॉनच्या किंडलवर ‘केडीपी सिलेक्ट’ या ऐच्छिक योजनेत नोंदवले, तर ९० दिवस त्याची डिजिटल आवृत्ती अन्यत्र ठेवता येत नाही, म्हणून ‘प्रतिलिपी’ या ऑनलाइन वाचन-लेखन मंचावर तीच प्रकरणे क्रमशः चालू असल्यास ती आधी काढावी लागतील.

नव्या वाचकांसाठी माझा सर्वाधिक भरवसा दिवाळी अंकांवर आहे. कादंबरीच्याच जगात घडणारी, पण स्वतंत्रपणे वाचता येणारी एक कथा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच संपादकांकडे पाठवा आणि लेखक-परिचयात कादंबरीचे नाव द्यावे, अशी त्यांना विनंती करा. जाहिरातीला न बधणारा वाचक चांगल्या कथेमागे पुस्तकापर्यंत येतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

ज्यांनी पहिला भाग वाचून आवर्जून कळवले, त्यांना दुसऱ्या भागाचे पहिले प्रकरण आणि कादंबरीतील राज्याचा नकाशा प्रकाशनापूर्वी पाठवा. दुसऱ्या भागाच्या आरंभी मागील कथानकाचा दोन पानी सारांश आणि पात्रांची वंशावळ अवश्य छापा. वर्षभराने परतलेल्या निष्ठावंत वाचकालाही सगळी नावे आठवत नाहीत.