कोल्हापूरकडं धंद्यासाठी चवळी करायची तर कोणती जात घ्यावी? अमेरिकेतल्या ‘सदर्न पी’च्या जाती इकडं चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: कागल बाजूला दोन एकर बागायत आहे, सुरू उसाची (हिवाळ्याच्या शेवटी लावायच्या उसाची) लावण आहे, त्यात किंवा शेजारच्या अर्ध्या एकरात चवळी घालायचा विचार आहे. यूट्यूबवर अमेरिकेतल्या ‘सदर्न पी’च्या जातींची तुलना बघितली, त्यातली जांभळ्या टरफलाची जात आवडली, आणि आता तिचं बी मागवावं का असं विचारताय. मी करवीर तालुक्यात भोगावतीकाठाला सात-आठ वर्षं चवळी करतोय, उसात पण आणि मोकळ्या रानात पण. दोनदा चांगला आपटलोय, त्यामुळं लिहायला हरकत नाही.

सदर्न पी म्हणजे आपली चवळीच, वेगळं काही नाही. आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर ती अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गेली आणि तिथंच रुजली, म्हणून ‘सदर्न’. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी तिकडं काळ्या डोळ्याची चवळी खाल्ली की वर्ष बरकतीचं जातं असं मानतात. जातींचे त्यांचे ढोबळ गट असे: काळ्या डोळ्याची ‘ब्लॅकआय’, गुलाबी डोळ्याची आणि जांभळ्या टरफलाची ‘पिंकआय पर्पल हल’, डोळा नसलेली फिकट ‘क्रीम’ आणि ‘क्राउडर’. क्राउडरमध्ये दाणे शेंगेत इतके दाटून बसतात की एकमेकांना रेटून त्यांची टोकं चपटी होतात, आपल्या वडापच्या जीपमधल्या माणसांसारखी.

आता त्या व्हिडिओतली तुलना कशासाठी असते ते बघा. तिकडं चवळी मोठ्या प्रमाणावर ओल्या दाण्यासाठी पिकवतात. शेंग कोवळी नाही आणि वाळलेली पण नाही, अशी मधली अवस्था. टरफल जांभळं झालं की दाणा सोलायला तयार झाला, हे लांबून कळतं, म्हणून तो रंग त्यांना कामाचा. पुढं यंत्रानं काढणी, यंत्रानं सोलणी, मग डब्यात किंवा बर्फात. त्यामुळं झाड ताठ हवं, शेंगा पानांच्या वर हव्यात आणि सगळ्या एकदम तयार व्हायला हव्यात, या कसोट्यांवर ते जाती निवडतात.

आपल्याकडं नेमक्या त्या मधल्या अवस्थेला गिऱ्हाईक नाही. कोल्हापूरचं माणूस वरण्याचे ओले दाणे घेईल, पावट्याचे घेईल, मटार घेईल. चवळी मात्र त्याला एकतर कोवळी शेंग म्हणून भाजीला हवी, नाहीतर वाळलेला दाणा म्हणून उसळीला. ओली सोललेली चवळी आमच्या घरी होते, आई बांधावरच्या वेलाची करते, पण शाहू मार्केट यार्डात तिची पाटी घेऊन गेलात तर पहिल्यांदा ती कशाशी खातात तेच सांगत बसावं लागेल. आणि सगळ्या शेंगा एकदम तयार होणं हा त्यांचा गुण इथं भाजीवाल्याला तोटाच. आपल्याला आठवड्यातनं दोनदा-तीनदा थोडा थोडा माल हवा असतो.

शिवाय परदेशातनं बी परवान्याशिवाय पोस्टानं मागवणं कायद्यात बसत नाही. २००३च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणं आयातीचा परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. तो उगाच घातलेला घोळ नाही, चवळीचे काही विषाणू बियातनंच येतात. तेव्हा ते डोक्यातनं काढा.

आता आपल्या जाती. त्याआधी एकच ठरवा, शेंग विकायची की दाणा? दोन्ही होईल असं दुकानदार सांगतो. शेंगेच्या जातीचा दाणा बाजारात बारीक म्हणून मागं पडतो आणि दाण्याच्या जातीची शेंग दोन दिवसांत दोरे धरते.

शेंगेसाठी मी तीन जाती लावून बघितल्यात: पुसा कोमल, काशी कांचन आणि अर्का गरिमा. एका उन्हाळ्यात तिन्ही शेजारी शेजारी, पाच-पाच गुंठ्यांत. कागदावर अर्का गरिमा सगळ्यांत भारी. बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेची जात, झाड उंच वाढतं, शेंग लांब, जाड, गरदार, ऊन आणि पाण्याची ओढ सोसणारी. माझ्याकडं पण वजन तिनंच जास्त दिलं. पण शेंगेचा रंग फिकट हिरवा. यार्डात आडत्यानं एक शेंग उचलली, मधनं मोडली, कटकन आवाज आला, दोरा निघाला नाही. मान हलवली आणि तरीबी म्हणाला, “पांढरी पडलीय, जून दिसतीय.” जून नव्हती. पण गिऱ्हाईक पाटीकडं लांबनं बघतं, मोडून बघत नाही. शेजारची काशी कांचनची गर्द हिरवी पाटी तीन-चार रुपयांनी वर गेली. हीच अर्का गरिमा दुसऱ्या बाजारात वर जात असेल, म्हणून लावायच्या आधी एकदा पहाटे यार्डात नुसतं फिरून या, कुठल्या रंगाच्या पाट्या आधी उचलल्या जातात ते बघा.

काशी कांचन वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेची. बुटकी, झुडपी, दोन-अडीच फुटांच्या आत राहते. पन्नास-पंचावन्न दिवसांत पहिला तोडा. सोनेरी मोझॅकला, म्हणजे पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणू रोगाला, ती दाद देत नाही असं संस्था सांगते, माझा अनुभव पण तसाच आहे. पाच गुंठ्यांत पिवळी पडलेली झाडं बोटावर मोजण्याएवढी निघाली. पुसा कोमल जुनी, जिवाणूच्या करप्याला टिकणारी, चवीला मला तीच आवडते. पण तिचे तोडे माझ्याकडं लवकर आटोपले.

तरी जात निवडताना मी उत्पन्नाचा आकडा शेवटी बघतो. पहिल्यांदा बघतो ते तोडणारी बाई शेंगेपर्यंत कशी पोचते ते. हे कुठल्याच तक्त्यात नसतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चवळीची फुलं लांब दांडीच्या टोकाला येतात. एका दांडीला पहिल्यांदा दोन शेंगा लागतात, पण टोकाला अजून कळ्यांच्या बारीक गाठी शिल्लक असतात. शेंग अलगद पिरगाळून काढली तर त्याच दांडीला पुन्हा फुलं येतात. हिसका मारून दांडीसकट ओढली की त्या दांडीचा पुढचा माल गेला. झुडपी जातीत दांड्या पानांच्या वर काढलेल्या असतात. बाईला शेंग दिसते, ती दोन बोटांत धरून काढते आणि पुढं सरकते. पसरणाऱ्या जातीत शेंगा पाल्यात दडतात. वाकून, पाला बाजूला सारून, अंदाजानं ओढावं लागतं. त्यात दांड्या तुटतात, आणि राहिलेल्या शेंगा जून होतात. झाडावर चार शेंगा जून झाल्या की झाड समजतं आपलं काम झालं, नवी फुलं धरायचं कमी करतं. म्हणजे तोडणी अवघड असलेली जात दोन्हीकडनं मारते.

पैशात सांगतो. आमच्याकडं सकाळच्या अर्ध्या हजेरीला अडीचशे रुपये जातात. काशी कांचनमध्ये एक बाई तेवढ्या वेळात पंचवीस-तीस किलो काढते, म्हणजे किलोला आठ-दहा रुपये तोडणीच. त्यावर पोती, टेम्पो, हमाली-तोलाई धरली की तेरा-पंधरा. दर वीसच्या खाली गेला की आपण बाजाराला फुकट भाजी पुरवतोय असं समजायचं. पसरणाऱ्या जातीत तीच बाई पंधरा-अठरा किलोवर अडकते, मग पंचवीसचा दर पण पुरत नाही. तुमच्या घरातली किती माणसं तोडायला उतरणार, हे जातीच्या आधी लिहून काढा. घरची चार माणसं असली तर पंधरा गुंठे झेपतील. एक दिवसाआड तोडा असतो, लग्न असो नाहीतर जत्रा असो.

हातभर लांब शेंगेची मांडवावरची जात, अर्का मंगला वगैरे, दिसायला देखणी आणि उभ्यानं तोडता येते. पण बांबू, तार, सुतळी. टोमॅटोचा मांडव मोकळा झाला असेल तरच विचार करा.

आता उसाचं. सुरू उसात चवळी बसते ती दिवसांच्या हिशेबानं. जानेवारीच्या शेवटी लावण केली, आंबवणीचं (लावणीनंतरचं पहिलं) पाणी झालं की वाफशावर वरंब्याच्या एका बगलेला टोकणा करायची, म्हणजे बोटानं भोक पाडून बी टाकायचं. पन्नासाव्या दिवशी माल चालू, महिनाभर तोडे, पंच्याऐंशीव्या दिवसाच्या आत पाला सरीत गाडून उसाला मोठी भर (बुडाला माती) लावायला रान मोकळं. हे फक्त झुडपी जातीला जमतं. माझा पहिला आपटा इथंच. एका दुकानातनं सुटं बी घेतलं, “बुटकीच आहे” म्हणून शब्द दिलेला. चाळिसाव्या दिवशी शेंडे हलायला लागले आणि बघता बघता उसाच्या पोंग्याला (शेंड्याच्या कोवळ्या पानांना) विळखे. ऊस सोडवता सोडवता दोन माणसांचे तीन दिवस गेले आणि शेवटी सगळी उपटून म्हशीला घातली. दूध वाढलं, तेवढंच. तेव्हापासनं पिशवीवर जातीचं नाव, लॉट नंबर आणि पावती असल्याशिवाय बी घेत नाही. आणि दुकानात नुसतं “चवळी द्या” म्हणू नका. माझ्या चुलत भावाला चवळईचं, पालेभाजीचं, खसखशीएवढं बी बांधून दिलं होतं.

हंगामाचं गणित बऱ्याच जाती नावातच सांगतात. पुसा फाल्गुनी उन्हाळी पेऱ्याची, पुसा बरसाती पावसाळी, पुसा दो फसली दोन्हीकडं चालणारी, कोकण सदाबहार वर्षभर. याला कारण आहे. चवळीच्या बऱ्याच जुन्या जाती दिवसाच्या लांबीवर फुलतात. मोठ्या दिवसात पेरल्या की नुसत्या पसरतात, दिवस लहान व्हायला लागले की मग कुठं कळी धरतात. बांधावरचं गावठी बी जूनमध्ये टाकलं तर सप्टेंबरपर्यंत वेलच वेल दिसतो तो यामुळं. काशी कांचन आणि अर्का गरिमा यांना दिवसाच्या लांबीचं सोयरसुतक नाही, म्हणून त्या फेब्रुवारीत पण चालतात आणि जूनमध्ये पण.

दाण्यासाठी म्हणाल तर राहुरी कृषी विद्यापीठाची फुले पंढरी आणि दापोली विद्यापीठाची कोकण सदाबहार या दोनच मी केल्यात. सदाबहार साठ-सत्तर दिवसांत हातावेगळी होते, फुले पंढरी तिच्या मागनं येते. शिफारशीत हेक्टरी बारा ते पंधरा क्विंटल असं लिहिलेलं असतं, म्हणजे एकरी पाच-सहा. मला चारच्या वर कधी गेली नाही. आपल्या भागात खरिपाच्या दाण्याला खरा धोका पावसाचा. गगनबावडा, राधानगरी सोडाच, करवीरला पण शेंग वाळायला लागली आणि आठवडाभर झड लागली की दाणा शेंगेतच मोड काढतो. शिरोळ-हातकणंगल्याकडं पाऊस कमी, तिथं जमतं, फक्त क्षारपड तुकडा टाळायचा. तुमच्याकडं मी खरिपात दाणा करणार नाही. उन्हाळी सदाबहार करून मेच्या आत खळं उरकणं बरं.

दाण्याचा दुसरा शत्रू घरात असतो. माझा दुसरा आपटा: गौरी-गणपतीला दर चढेल म्हणून तीन पोती थांबवली. पोतं उघडलं तेव्हा प्रत्येक दाण्याला टाचणीनं टोचल्यासारखं गोल भोक आणि तळाला पीठ. भुंगा रानातनंच, वाळत्या शेंगेवर अंडी घालून येतो. कडक उन्हात दाताखाली कट्‌ वाजेपर्यंत वाळवा, हवाबंद पिंपात भरा. घरच्या बियाला मी वर गोडं तेल चोळतो, किलोला चमचाभर.

बाकी शेती सोपी आहे, लांबण लावत नाही. दीड फुटावर ओळी, झाडात अर्धा फूट. दहा किलो बियाला रायझोबियमचं (मुळांच्या गाठीत नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं) २५० ग्रॅमचं पाकीट चोळा. युरियाचा हात आवरा, उसाची सवय असलेला माणूस चवळीला युरिया मारतो आणि मग पाला मापतो. काळा मावा शेंड्यावर दिसला की लगेच पाच टक्के निंबोळी अर्क. दांडीवर मुंग्या दिसल्या म्हणजे मावाच आहे असं नाही, चवळीच्या दांडीला स्वतःचाच गोड रस सुटतो, त्यालाही त्या येतात. शेंडा उलटून बघा. तोडे चालू झाल्यावर एक दिवसाआड माल बाजारात जातो, तेव्हा ज्या औषधाला काढणीआधी आठ-दहा दिवस थांबायचं असतं ते मारायला जागाच उरत नाही. म्हणूनच रोग सोसणारी जात दोन रुपये महाग असली तरी घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या वर्षी उसात दहा गुंठे काशी कांचन लावली असती आणि शेजारी मोकळ्यात दोन-दोन गुंठे अर्का गरिमा आणि पुसा कोमल. प्रत्येक तोड्याला तीन गोष्टी वहीत: किलो किती, किती बायकांनी किती वेळात काढली, दर काय. जी जात जमेल तिची चांगली वीस-पंचवीस झाडं खूण बांधून बियाला सोडा. चवळीचं परागीकरण आपल्याच फुलात होतं, त्यामुळं घरचं बी दोन-तीन वर्षं जातीला धरून राहतं. फक्त मोझॅकची पिवळी झाडं त्यात येऊ देऊ नका.

सुरूची लावण कधी करणार आणि सरी किती फुटाची ठेवलीय ते खाली लिहा. साडेचार फुटाच्या आत असेल तर टोकण्याची पद्धत बदलावी लागेल.