क जीवनसत्त्व पेशीत शिरते कसे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : लातूरला ‘नीट’ची तयारी करते आहे. क जीवनसत्त्व पाण्यात सहज विरघळते, मग पेशीपटलातून ते आपोआप का जात नाही?

उत्तर : पाण्यात विरघळते म्हणूनच अडते. पेशीपटल मेदाच्या दुहेरी थराचे असते. ॲस्कॉर्बिक आम्लाचा, म्हणजे क जीवनसत्त्वाचा, पीकेए (ज्या पीएचला निम्मे आम्ल भारित होते तो आकडा) सुमारे ४.२, रक्ताचा पीएच ७.४, त्यामुळे रक्तात ते जवळजवळ सगळे ॲस्कॉर्बेट या ऋणभारित रूपात असते. भार असलेल्या रेणूला मेद ओलांडता येत नाही, वाहक प्रथिन लागते.

अशी प्रथिने दोन आहेत, एसव्हीसीटी-१ आणि एसव्हीसीटी-२ (सोडियमच्या साथीने क जीवनसत्त्व नेणारे वाहक). पहिले मुख्यतः आतडे, मूत्रपिंड व यकृतात. दुसरे मेंदू, डोळे, अधिवृक्क ग्रंथी अशा अनेक ठिकाणी. एका ॲस्कॉर्बेटबरोबर दोन सोडियम आयन आत येतात. सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी (पेशीतले ऊर्जेचे चलन) खर्चून सोडियम सतत बाहेर टाकत असतो, म्हणून त्याचा ओढा आतच राहतो, आणि त्या जोरावर ॲस्कॉर्बेट कमी संहतीकडून (द्रावणातल्या प्रमाणाकडून) जास्त संहतीकडे जाते. हे दुय्यम सक्रिय परिवहन. परिणाम केवढा? रक्तद्रवात ५० ते ८० मायक्रोमोलर, तर चेतापेशींत १० मिलिमोलरपर्यंत, म्हणजे १०,००० मायक्रोमोलर!

‘ग्लुकोजच्या वाहकातून जाते’ असा पर्याय आला, तर रूप कोणते ते आधी पाहा. ग्लुट-१ आणि ग्लुट-३ या ग्लुकोजच्या वाहकांमधून फक्त ऑक्सिडीकृत रूप, म्हणजे डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल, जाते. पेशीच्या आत ग्लुटाथायोन हा रेणू त्याचे पुन्हा ॲस्कॉर्बेट करते. रक्तातल्या तांबड्या पेशी परिपक्व होताना एसव्हीसीटी-२ गमावतात, त्यांची भिस्त याच मार्गावर.

प्रश्न : अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे. तरीही रोज १००० मिलिग्रॅमची गोळी घेतो. फायदा होतो ना?

उत्तर : फारसा नाही. आतड्यातल्या एसव्हीसीटी-१ ची क्षमता मर्यादित आहे. एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत जवळजवळ सगळे शोषले जाते. १ ग्रॅमच्या पुढे निम्म्याहून कमी. उरलेले आतड्यात पाणी ओढते, म्हणून पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. जे शोषले जाते त्यातलेही जास्तीचे मूत्रपिंड परत घेऊ शकत नाही, लघवीतून जाते. काही भागाचे ऑक्झलेट होते. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे त्यांनी, त्यातही मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, एवढी मात्रा टाळावीच.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम लागते. मोसंबीच्या १०० ग्रॅम गरात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम असते. बागेतल्या दोन मोसंब्या पुरतात. रस मात्र तांब्याच्या भांड्यात ठेवू नका. तांब्यामुळे जीवनसत्त्वाचे ऑक्सिडेशन झपाट्याने होते.

प्रश्न : आईला मधुमेह आहे. वाढलेल्या साखरेमुळे पेशींना हे जीवनसत्त्व कमी मिळते का? (परभणी)

उत्तर : ऑक्सिडीकृत रूपाच्या बाबतीत, हो. ते आणि ग्लुकोज एकाच वाहकासाठी स्पर्धा करतात. तांबड्या पेशींना त्याची झळ लागते. उपाय साखर आटोक्यात ठेवण्याचाच. शिरेतून मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व दिले असेल, तर काही ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात. अशा वेळी इन्सुलिनची मात्रा त्या आकड्यावर ठरवू नये, प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे.

प्रश्न : नांदेडला एम.एस्सी. करतो. सोडियमविरहित द्रावणातही पेशी निम्मे ॲस्कॉर्बेट घेताना दिसतात. चूक कुठे?

उत्तर : बहुधा तुमचे ॲस्कॉर्बेट आधीच ऑक्सिडीकृत होऊन ग्लुटमधून जात आहे. द्रावण दर वेळी ताजे करा, त्यात ऑक्सिडेशन रोखणारे १ मिलिमोलर डायथायोथ्रायटॉल घाला आणि धातू बांधणारे ईडीटीए साठ्याच्या द्रावणातच वापरा. पेशींवरच्या द्रावणात कॅल्शियम व मॅग्नेशियम हवे, एसव्हीसीटी-२ ला ते लागतात. सोडियम क्लोराइडऐवजी तेवढ्याच संहतीचे कोलीन क्लोराइड घेतले, तरी सोडियम बायकार्बोनेट किंवा सोडियम ॲस्कॉर्बेटमधून सोडियम परत येते. सोडियम नसलेले हेपीस-ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) आणि ॲस्कॉर्बिक आम्ल वापरा, पीएच ट्रिसने ७.४ करा. मग सायटोकॅलॅसिन-बी घालून पाहा. ते ग्लुट रोखते, एसव्हीसीटी नाही. त्याने उरलेले शोषण पडले, तर शंका खरी. पेशी बर्फासारख्या थंड बफरने लगेच धुवा.